‘टायफून फिस्ट’चे गुण-दोष

माझं आडनाव ठोसर नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं माझी बायको किशोरी म्हणते. माझं मत वेगळं आहे. सव्वीस वर्षं मी सरकारी कचेरीत अहवाल लिहितो आहे. मोरीला तडा गेला, अहवाल ठोसर लिहिणार. खुर्ची मोडली, अहवाल ठोसर लिहिणार. त्या खुर्चीवरचा माझा अहवाल सात पानांचा होता आणि साहेबांनी तो उभ्याउभ्याच वाचून सही केली, कारण मोडलेली खुर्ची त्यांचीच होती. तेव्हा खांदा कॉलनीतल्या आमच्या सौदामिनी सोसायटीने एका व्हिडिओ गेमचे गुण-दोष तपासायला माझी नेमणूक केली, ती लौकिकामुळे, आडनावामुळे नव्हे, एवढं मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

अध्यक्ष उदयसिंह मोहिते यांनी मात्र भर सभेत सांगितलं, “ठोशांचा खेळ आहे. ठोसरांकडेच देऊन टाकू.” सभा हसली. मीही हसलो. सभेत आपल्यावर विनोद झाला की आपणही हसायचं असतं, नाहीतर तो विनोद पुढच्या सभेतही होतो.

गोष्ट २०१२ सालची. दुसऱ्या मजल्यावरच्या सिप्पोराबाई रोहेकर यांचा मुलगा जोएल आदल्या वर्षी इस्राएलला गेला, अश्दोद नावाच्या गावी, बंदरावर नोकरीला. जाताना आपला गेमचा कन्सोल, दोन रिमोट, एक लहान टीव्ही आणि ‘टायफून फिस्ट टू’ या मारामारीच्या खेळाची सीडी सोसायटीच्या क्लबरूमला देऊन गेला. क्लबरूम हे नाव भारदस्त आहे. पंपाच्या खोलीला लागून एक दहा बाय बाराची खोली, तीत एक कॅरम बोर्ड, ज्याचा स्ट्रायकर २००८ पासून सापडत नाही. त्या खोलीत तो कन्सोल वर्षभर कुणाच्या अध्यातमध्यात न येता पडून होता.

मग मे महिन्यात तळमजल्यावरच्या हितेशभाईंनी तो खेळून पाहिला. हितेशभाईंचं नवीन पनवेलात टाइल्सचं दुकान आहे, वय बेचाळीस, प्रकृती टाइल्सच्या खोक्यासारखी. खेळता खेळता त्यांचा योद्धा हरायला लागला, तेव्हा त्याला मदत करावी म्हणून ते उठून उभे राहिले आणि पडद्यावरच्यासारखी एक लाथ त्यांनी प्रत्यक्ष मारली. लाथ कॅरम बोर्डाच्या स्टँडला लागली, हितेशभाई जमिनीला लागले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या हाताने त्यांनी तक्रार अर्ज दिला. म्हणजे डाव्या हाताने लिहिला, त्यामुळे वाचायलाच दोन दिवस गेले. अर्जाचा सारांश असा, की सदर खेळ हिंसक आहे आणि तो भंगारात द्यावा.

सभेत ठरलं, की ठोसरांनी तीन आठवड्यांत गुण-दोष अहवाल द्यावा, मग मतदान घ्यावं. तोवर खोलीला कुलूप. तपासणीसाठी उघडायची तर किमान दोन सभासद हजर हवेत आणि दोघांनी रजिस्टरमध्ये सही करायची, म्हणजे पुन्हा कुणी पडलं तर उचलायला माणूस असेल.

पहिला घोटाळा दुसऱ्याच दिवशी झाला. उदयसिंहांना इंग्रजी नावं जिभेवर घोळवायला आवडतात, पण ती नीट ऐकायला आवडत नाहीत. ‘टायफून’ त्यांच्या तोंडी पहिल्यापासून ‘टायफॉइड’ होतं. त्यांनी सांगितलं, चिटणीसांनी लिहिलं आणि फलकावर लागलं: ‘क्लबरूममधील टायफॉइडची तपासणी श्री. ठोसर करत आहेत. तोवर कोणीही आत जाऊ नये.’

मी कचेरीतून परतलो तेव्हा जिन्यात लोक मला भिंतीला चिकटून वाट देत होते. शेजारच्या वहिनींनी किशोरीला दारातूनच विचारलं, “भावजींना ताप आहे का?” तिसऱ्या दिवशी कुणीतरी कळवलं म्हणून आरोग्य खात्याच्या दोन ताई बाटल्या घेऊन आल्या. त्यांनी टाकीच्या पाण्याचा नमुना घेतला आणि मला विचारलं, “लागण कुठून झाली?”

“सीडीतून,” मी म्हटलं. खुलासा करायला तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द चुकीचा निघाला. त्यातल्या एकीने माझ्याकडे ज्या मायेने पाहिलं, त्या मायेने सव्वीस वर्षांत माझ्याकडे एकाही वरिष्ठाने पाहिलेलं नाही. पुढे सगळा उलगडा झाला आणि पाणीही स्वच्छ निघालं. पण चार घरांनी मला महिनाभर हातात हात दिला नाही.

साहजिकच, मला दुसरा सभासद मिळेना. सल्ले मात्र घरपोच मिळत होते. तिसऱ्या मजल्यावरचे कुंदन म्हणाले, “खेळायची गरजच काय? खोक्याच्या मागे सगळं छापलेलं असतं, ते उतरवून काढा.” हितेशभाई म्हणाले, “दोष मी सांगतो, तुम्ही फक्त लिहा.” उदयसिंह म्हणाले, “अहवालाला रंगीत कव्हर घाला.” पाचव्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात सिप्पोराबाई.

सिप्पोराबाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. वय अडुसष्ट, पाठ ताठ, चष्मा साखळीला लावलेला. पती मनासे चार वर्षांपूर्वी गेले. जोएल गेल्यापासून घरात त्या एकट्याच.

“ठोसर, तुम्हाला दुसरा सभासद लागतो म्हणे,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावावर फ्लॅट आहे. मी चालेन ना?”

“चालाल की. पण तुम्हाला खेळता येतं का?”

“तुम्हाला येतं का?”

मुद्दा बिनतोड होता. आम्ही खाली गेलो.

कन्सोल चालू करण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी योद्धे दिसले. एकंदर सोळा. प्रत्येकाने आपला निवडायचा. सिप्पोराबाईंनी चष्मा लावून सोळाही जणांना हजेरी घेतल्यासारखं पाहिलं आणि ओल्गा नावाची एक जाडजूड बाई निवडली. “अंगभर कपडे हिनेच घातलेत,” त्या म्हणाल्या. ओल्गाच्या डोक्याला रुमाल होता आणि गुडघ्यापर्यंत लांब वेणी होती. मी मास्टर शिन निवडला. पांढरी दाढी, सडपातळ बांधा, चेहऱ्यावर विचार. साधारण माझ्या स्वभावाचा.

घंटा वाजली. मास्टर शिनने हात जोडून नमस्कार केला, कारण मी चुकून ते बटण दाबलं. तो वाकलेला असतानाच ओल्गाने वेणी फिरवून त्याला हाणली. तो उठला, तिने पुन्हा हाणली. अकरा सेकंदांत खेळ खलास. पडद्यावर ‘पर्फेक्ट’ अशी अक्षरं आली, म्हणजे जिंकणाऱ्याला साधा ओरखडाही उठला नाही.

“मी काय केलं?” सिप्पोराबाईंनी विचारलं.

“तुम्ही मला मारलंत.”

“अगंबाई. मी नुसती सगळी बटणं दाबत होते.”

त्या दिवशी आम्ही नऊ डाव खेळलो आणि मी नऊ हरलो. रात्री मी वहीत पहिला दोष लिहिला: ‘सदर खेळात अज्ञानी व्यक्ती अभ्यासू व्यक्तीवर सहज मात करू शकते.’ किशोरीने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, “अभ्यासू कोण?” मी वही मिटली.

आता हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला. खोक्यात एक पुस्तिका होती, तीत प्रत्येक योद्ध्याचे डावपेच बाणांच्या खुणांनी दिले होते. मी ते कचेरीच्या भाषेत उतरवून काढले. ‘प्रथम खाली, तदनंतर तिरपे पुढे, तदनंतर पुढे, व त्याच वेळी मूठ.’ एवढं बिनचूक केलं की मास्टर शिनच्या हातातून एक निळा गोळा निघतो. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी स्टेपलरवर सराव करायचो. आठ दिवसांत अंगठा इतका सुजला की आवक-जावकचे शिक्के मारता येईनात. डॉक्टरांनी विचारलं, “कशाने झालं?” मी म्हटलं, “सरकारी कामाने.” ते म्हणाले, “पहिलीच केस.”

पण फळ मिळालं. दहाव्या दिवशी मी सिप्पोराबाईंचा एक डाव जिंकलो. निळा गोळा नेमका ओल्गाच्या रुमालावर बसला. मी खुर्चीतून अर्धवट उठलो, मग हितेशभाई आठवून परत बसलो.

“शाबास,” सिप्पोराबाई म्हणाल्या. शाळेत फळ्यावरचं गणित सुटलं की म्हणतात, तसं. मी पन्नाशीचा माणूस, पण मला ते घरी जाऊन सांगावंसं वाटलं.

तोवर माझी वही भरत आली होती. दोष पुष्कळ सापडले. खेळाला एक कथा होती. कुणीतरी एक मोती चोरलेला असतो आणि तो कुणी चोरला हे शोधायला सोळा जण एकमेकांना बडवतात. शेवटपर्यंत मोती सापडत नाही आणि त्याबद्दल कुणी चौकशीही करत नाही. एकट्याने कॉम्प्युटरशी खेळावं, तर तो पहिल्या तीन पायऱ्यांवर ठोंब्यासारखा उभा राहून मार खातो आणि चौथ्या पायरीपासून आपण बटण दाबायच्या आधीच आपल्याला ओळखतो. प्रत्येक डावाआधी पाऊण मिनिट नुसतं एक चक्र फिरत राहतं. बायकांचे कपडे अपुरे आणि पुरुषांचेही. आणि सर्वांत मोठा दोष ओल्गाची वेणी. कोपऱ्यात गाठून वेणी मारली की तिच्यावर उताराच नाही, मग समोरचा कितीही निष्णात असो. असल्या खेळात एकाच योद्ध्याच्या हाती असं हत्यार देणं म्हणजे बनवणाऱ्याचा आळस, हे माझं मत मी आजही बदलायला तयार नाही.

गुणही होते. मारामारीच्या मागची चित्रं सुंदर होती. एका चित्रात बंदर होतं, बोटी होत्या आणि एक कोळीण पाटीतले मासे मोजत बसलेली होती. पुढ्यात दोन माणसं एकमेकांच्या नरड्याला लागलेली असताना तिने एकदाही मान वर केली नाही. उरणच्या कुठल्याही बाजारात शोभली असती. दुसरा गुण असा, की हार मोठी नव्हती. दीड मिनिटात हरायचं, लगेच पुन्हा उभं राहायचं. कचेरीत मी २००३ साली एकदा हरलो, तो अजून हरतोच आहे.

अहवालाला आधार म्हणून मी क्लबरूमचं जुनं वापर रजिस्टर मागवून घेतलं. कुणी, कधी, किती वेळ, कशासाठी आलं, ते प्रत्येकाने लिहायचं असतं. वर्षभरात हितेशभाईंची नोंद एक, तीही अपूर्ण. पंपवाल्याच्या दोन. बाकी सगळ्या नोंदी एकाच सुबक अक्षरात. सिप्पोरा मनासे रोहेकर. दुपारी चार ते सव्वाचार. प्रयोजन: धूळ पुसणे. मी मोजल्या. एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी खेळताना मी विचारलं. त्यांनी ओल्गाला मागे घेतलं.

“जोएलने दिलेली वस्तू. धूळ खात पडलेली बघवायची नाही,” त्या म्हणाल्या. मग पडद्याकडे बघतच, “जाताना म्हणाला होता, आई, हे शिकून घे, मी तिकडे असाच दुसरा घेईन, आपण तिथून इथे इंटरनेटवर खेळू. मी म्हटलं, मला काय जमणार आहे. मग त्याने रागारागाने सोसायटीला देऊन टाकलं. आता रोज फोन येतो. ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे. तू बरा आहेस ना?’ ‘बरा आहे.’ संपलं. तुमच्यामुळे निदान चालू कसं करायचं ते कळलं.”

मी वहीकडे पाहिलं. दोष अकरा, गुण दोन. असा अहवाल सभेत वाचला की कन्सोल भंगारात जाणार, हे सांगायला ठोसर लागत नव्हता.

“दोन-चार दोष गाळता येतील,” मी म्हटलं. माझ्या तोंडून हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच निघालं असावं, कारण आवाज मलाच अनोळखी वाटला.

“मुळीच नाही,” सिप्पोराबाई म्हणाल्या. “खरं असेल ते सगळं लिहा. माझ्यासाठी खोटं लिहिलंत तर मी तुमच्याबरोबर खेळणार नाही.” आणि त्यांनी मला कोपऱ्यात गाठून वेणी मारली.

अहवाल मी त्यांना सभेच्या आदल्या दिवशी दाखवला. चौदा पानं. परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत शुद्धलेखनाच्या तेवीस चुका दाखवल्या होत्या. ‘तदनंतर’ सात वेळा खोडून ‘मग’ केलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मसुद्याला असा हात कुणी लावला नव्हता. किशोरीने तो वाचला आणि म्हणाली, “आता कळतंय हो, काय म्हणायचंय ते.” घायाळ माणसाला घरातून मिळालेला हा आधार.

सभा रविवारी सकाळी गच्चीवर झाली. मी अकराही दोष वाचले. हितेशभाई प्रत्येक दोषाला प्लास्टर खुर्चीवर आपटून अनुमोदन देत होते. गुण वाचले तेव्हा कुणीतरी जांभई दिली. मतदानात कन्सोल क्लबरूममधून काढावा या बाजूने एकवीस, विरोधात दोन. दोघांत मी एक आणि दुसरी किशोरी, जिला सभेत माझ्या बाजूने हात वर करताना मी त्याच दिवशी पाहिलं. सिप्पोराबाईंनी कुठल्याच बाजूने हात वर केला नाही.

“मग ठरलं,” उदयसिंह म्हणाले. “टायफॉइड भंगारात.”

आता इथे मला बोलायलाच हवं होतं. लिहिणं वेगळं. पंचवीस माणसांसमोर उभं राहून न लिहिलेलं बोलणं मला जमत नाही. पण निरुपयोगी वस्तू निकालात काढणं हा माझा हातखंडा विषय आहे. कपाटं, टाइपरायटर, एक जीप, सगळं मी नियमानुसार निर्लेखित केलेलं आहे.

“अध्यक्षमहोदय,” मी म्हटलं, “वस्तू भंगारात देण्याआधी ती कुणाच्या उपयोगाची आहे का, हे तपासावं लागतं. मी तपासलं आहे.” आणि मी रजिस्टर उघडून वाचू लागलो. तारीख, नाव, वेळ, प्रयोजन. तारीख, नाव, वेळ, प्रयोजन. धूळ पुसणे. धूळ पुसणे. दहाव्या नोंदीपर्यंत लोक कंटाळले. विसाव्या नोंदीपर्यंत गप्प झाले. एक्केचाळिसावी वाचून मी खाली बसलो, कारण पुढे काय म्हणायचं ते मला सुचलंच नव्हतं.

सिप्पोराबाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी साखळीचा चष्मा काढून पदराने पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या.

उदयसिंह घसा खाकरून म्हणाले, “बाई, आधी बोलला असतात तर.”

“मागायची कशी?” त्या म्हणाल्या. “दिलेली वस्तू होती.”

हितेशभाई उठले. “मी उचलून नेतो वर,” ते म्हणाले. हातात प्लास्टर आहे हे त्यांच्या मग लक्षात आलं. “म्हणजे टीव्ही कुंदन उचलेल. रिमोट मी घेतो.”

एवढ्यावर संपलं असतं तर ही सोसायटीची सभा कसली. देणगी दिलेली वस्तू परत करायची तर देणगीदाराचा अर्ज हवा, असं चिटणीसांनी काढलं. देणगीदार अश्दोदला. जोएलने अर्ज ईमेलने पाठवला, तर त्यावर सही नव्हती. सही स्कॅन करून पाठवली, तर ती इंग्रजीत होती आणि देणगीपत्रावरची मराठीत. शेवटी ‘वस्तू देणगीदाराच्या मातोश्रींकडे देखभालीसाठी ठेवण्यात येत आहे’ असा ठराव मीच लिहून दिला. देखभाल किती मुदतीसाठी, ते कुणी विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव अपूर्ण ठराव.

कन्सोल वर गेला. आता हवं होतं इंटरनेट. त्यासाठी खांदा गावातला गणू केबलवाला आला. त्याने जिन्यातली खोकी उघडून पाहिली आणि मान हलवली.

“काका, वायर तं आमी टाकू,” तो म्हणाला. “पन या गेमला लाइन सरल लागते. मधी कायतरी आडवा येतो. माझ्या पोऱ्याचापन चालत नाय.”

“काय आडवं येतं?”

“ता माना ठावं नाय. आडवा येतो येवराच ठावं हाय.”

वायर टाकली. आडवं येणारं काय ते शोधायला गणू तीन वेळा आला. पहिल्यांदा त्याने सेटिंग बदलली, तर कुंदनचा टीव्ही बंद पडला. दुसऱ्यांदा कुंदनचा टीव्ही चालू केला, तर उदयसिंहांचा फोन मुका झाला आणि दोन दिवस इमारतीत कमालीची शांतता होती. तिसऱ्यांदा गणू सिप्पोराबाईंच्या घरात जमिनीवर मांडी घालून दोन तास बसला, पाच फोन केले, दोन वेळा चहा प्याला आणि अखेर म्हणाला, “मावशी, आता बगा. आता नाय झाला तं मी धंदा सोरतू.”

पडद्यावर एका ओळीत जोएलचं नाव उगवलं. शेजारी हिरवा ठिपका.

सिप्पोराबाईंनी एलियाहू हन्नबीला, म्हणजे त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलला होता, हे मला तेव्हा कळलं. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची घातलेली ताटली त्यांनी आधी गणूच्या हातात दिली, मग माझ्या. गणूने धंदा सोडला नाही.

खेळायचं ठरलं दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सातला. त्या वेळी तिकडे दुपार असते. बटणं चुकली तर सांगायला मी हवा, म्हणून मला बोलावणं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सिप्पोराबाईंनी कानाला बोलायचा माइक लावला होता, जोएलचा आवाज टीव्हीतून येणार होता. मला खिडकीजवळची खुर्ची दिली. बाहेर जायचं तर टीव्हीसमोरूनच जावं लागेल, हे मी बसल्यावर पाहिलं.

“आई, ऐकू येतंय?”

“येतंय. तू कोणाला घेतलंस?”

“मास्टर शिन. तू?”

“ओल्गा.”

“ओल्गा? अगं, तिला कोणी घेत नाही.”

मी हसू दाबलं. घंटा वाजली. तेरा सेकंदांत वेणीने तिचं काम केलं. पलीकडे तो मुलगा असा हसला की टीव्हीचा पत्रा थरथरला. “हे तुला कोणी शिकवलं?” “कोणी नाही, आपोआप येतं.” दुसरा राउंड तो जिंकला. निळे गोळे एकामागून एक, माझ्याहून सफाईदार, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

तिसरा राउंड सुरू झाला. बंदराचं चित्र होतं. ओल्गा आणि मास्टर शिन समोरासमोर उभे राहून डुलत होते, तसे ते मारायच्या आधी डुलतात. जोएलने मारलं नाही. सिप्पोराबाई थांबल्या.

“आई.”

“काय रे?”

“बंदरावरची नोकरी मी सोडली. दोन महिने झाले.”

पडद्याच्या वरच्या कडेला घड्याळ चालू होतं, नव्याण्णव सेकंदांपासून उलटं. नव्वद, एकोणनव्वद.

“का?”

“पाठ गेली होती. उचलायचं काम होतं, मी तुला ऑफिसचं सांगितलं होतं. आता एका बेकरीत आहे. बरं आहे तिथं. मालक चांगला आहे.”

“रोज फोन करतोस की तू.”

“फोनवर तू विचारतेस, बरा आहेस ना. मी बरा म्हणतो. मग पुढे काही येतच नाही बोलायला.”

मला उठून जायचं होतं. पण उठलो असतो तर टीव्ही झाकला गेला असता. म्हणून मी कोळिणीकडे बघत राहिलो. ती मासे मोजत होती. सिप्पोराबाईंचे दोन्ही अंगठे रिमोटवर तसेच टेकलेले होते. त्यांनी एकही बटण दाबलं नाही. त्यानेही नाही.

“पाठीला काय करतोस?” त्यांनी विचारलं.

“शेक घेतो.”

“कोण देतं?”

“मीच. गरम पाण्याची पिशवी घेऊन त्यावर झोपतो.”

“एकटाच?”

“एकटाच,” तो म्हणाला. “मला इथं खूप एकटं वाटतं, आई. परत यायचं म्हणत नाहीये मी. नुसतं सांगतोय.”

“सांग,” सिप्पोराबाई म्हणाल्या. “नुसतंच सांग.”

घड्याळ शून्यावर आलं. कुणीच कुणाला मारलं नव्हतं, तेव्हा खेळाने काही क्षण विचार केला आणि पडद्यावर लिहिलं, ‘ड्रॉ’. मग त्याने आपणहून पुढचा राउंड लावला. ओल्गा आणि मास्टर शिन पुन्हा समोरासमोर येऊन डुलायला लागले.

“आई, चालू झालं बघ.”

“होऊ दे. पिशवीत पाणी किती गरम घेतोस? आणि त्या मालकाचं नाव काय?”

मी कंबरेत वाकून, जवळजवळ रांगत, पडद्याच्या उंचीखालून दाराकडे गेलो. इस्त्री गेली. सिप्पोराबाईंचं लक्ष नव्हतं. दार मी आवाज न करता ओढून घेतलं.

घरी किशोरी भाकरी थापत होती. “लवकर आलात. कोण जिंकलं?”

“कोणी कोणाला हातच लावला नाही.”

“मग इतका वेळ करत काय होते?”

“बोलत होते,” मी म्हटलं.